एक इंद्रिय उणे

माणसाला लाभलेल्या पाच ज्ञानेंद्रियांपैकी एक परत करण्याची सक्ती झाली, तर कोणते परत करावे, हा प्रश्न वरवर पाहता रिकामटेकड्या मंडळींच्या करमणुकीचा वाटतो. परंतु ज्या प्रश्नाला विचारवंतांनी शतकानुशतके पुन्हा पुन्हा हात घातला आणि ज्याचे उत्तर सामान्य माणूस क्षणाचाही विलंब न लावता देऊन मोकळा होतो, तो प्रश्न इतका निरर्थक असण्याचा संभव नाही. सामान्य माणसाचे उत्तर ठरलेले आहे. डोळे तो देणार नाही, कान देणार नाही, जीभ देण्याची कल्पनाही त्याला सोसणार नाही, आणि त्वचेची संवेदना ही देण्याघेण्यासारखी वस्तू आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. उरले नाक, तेव्हा नाक घ्या आणि आम्हांला सोडा, असे तो सांगतो. इमॅन्युएल कांटसारख्या तत्त्वज्ञानेही १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या मानवस्वभावविषयक ग्रंथात हाच प्रश्न उघडपणे विचारला आणि हाच निवाडा दिला. सर्वांत कृतघ्न आणि सर्वांत अनावश्यक इंद्रिय कोणते, तर घ्राणेंद्रिय. त्याची जोपासना करावी तर सुखापेक्षा किळसच अधिक वाट्याला येते, विशेषतः गर्दीच्या ठिकाणी, आणि जे सुख मिळते तेही टिकत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. दूषित हवेपासून आणि सडक्या अन्नापासून नाक आपला बचाव करते, एवढीच काय ती त्याने नाकाच्या बाजूने साक्ष दिली.

हा निवाडा मला मान्य करता येत नाही, आणि माझी तक्रार निवाड्यापेक्षाही त्यामागील हिशेबाच्या रीतीविषयी अधिक आहे. या रीतीत प्रत्येक इंद्रियाची आवक मांडली जाते. डोळ्याने इतके ज्ञान आणले, कानाने इतके, नाकाने जेमतेम इतके, असा तक्ता तयार होतो, आणि ज्याची आवक सर्वांत कमी त्याला बडतर्फ करण्याची शिफारस होते. परंतु एखादे इंद्रिय गेल्याने खरोखर किती गेले, हे ते काय आणीत होते एवढ्यावरून ठरत नाही. त्याची उणीव दुसऱ्या इंद्रियाला किंवा दुसऱ्या माणसाला भरून काढता येते की नाही, आणि येत असेल तर ती भरून काढायला कोणी राजी आहे की नाही, यावर नुकसानीचे मोजमाप अधिक अवलंबून असते. ही दुसरी बाजू मांडून पाहिली म्हणजे रूढ निवाडा बव्हंशी उलटा फिरतो, आणि त्याच्याबरोबर प्रश्नाचे स्वरूपही पालटते, असे मला दाखवायचे आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाची सर्वांत जुनी तपासणी छांदोग्य आणि बृहदारण्यक या उपनिषदांतील प्राणसंवादात आढळते. आपल्यांत श्रेष्ठ कोण, यावरून इंद्रियांत तंटा लागला. छांदोग्यातील कथेप्रमाणे ती प्रजापतीकडे फिर्याद घेऊन गेली. आणि प्रजापतीने स्वतः निकाल न देता, ज्याच्या जाण्याने शरीराची दशा सर्वांत वाईट दिसेल तो श्रेष्ठ, अशी कसोटी सांगून दिली. मग वाणी वर्षभर प्रवासाला गेली आणि परत येऊन पाहते तो शरीर मुक्यांसारखे, पण चालले होते. डोळा गेला, कान गेला, मन गेले, तरी ते अनुक्रमे आंधळ्यासारखे, बहिऱ्यासारखे आणि अजाण बालकासारखे चालतच राहिले. प्राण निघू लागला तेव्हा मात्र सर्वांचीच मुळे हलली आणि वाद मिटला. कथेचा रोख प्राणाचे महत्त्व सांगण्याकडे आहे, हे उघडच आहे. पण तिच्यातील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. परतलेले प्रत्येक इंद्रिय विचारते की, माझ्यावाचून तुम्ही कसे जगलात. आणि त्याला मिळणारे उत्तर म्हणजे उरलेल्यांनी केलेल्या कामाची यादी असते. म्हणजे एकाच्या अभावाची किंमत बाकीच्यांच्या कामगिरीवरून ठरते, हे उपनिषत्काराने ओळखले होते. दुसरी गोष्ट अशी की, प्रवासाला गेलेल्यांच्या यादीत जीभ चव घेणारी म्हणून नाही, आणि त्वचाही नाही. वर्षभर स्पर्शावाचून राहिलेले शरीर कसे दिसले असते, ही तपासणी झालीच नाही.

ॲरिस्टॉटलने या वादाला निराळी शिस्त लावली. जीवनाच्या गरजांच्या दृष्टीने पाहणे श्रेष्ठ, परंतु बुद्धीच्या वाढीला ऐकण्याचा हातभार अधिक, कारण शिकवण शब्दांतून होते आणि शब्द कानावाटे येतात. म्हणून जन्मांध माणसे जन्मतः मूकबधिर असलेल्यांपेक्षा अधिक समंजस असतात, असे त्याने नमूद केले आहे. स्पर्शाला तर त्याने स्पर्धेतच उतरवले नाही. इतर इंद्रिये प्राण्याला चांगले जगता यावे म्हणून आहेत, आणि स्पर्श जगता यावे म्हणूनच आहे, असे त्याचे मत होते. १८८० साली जन्मलेल्या आणि एकोणीस महिन्यांच्या असताना दृष्टी व श्रवण दोन्ही गमावलेल्या हेलन केलर यांनी पुढे आयुष्याच्या अनुभवावरून जवळजवळ याच मताला दुजोरा दिला. दोन्ही आपत्ती भोगलेल्या या विदुषीला बहिरेपणाची आपत्ती अधिक खोल वाटली, कारण बहिरेपणाने माणसाच्या आवाजाशी, म्हणजे माणसांच्या विचारांच्या सहवासाशी असलेला संबंध तुटतो. अशा साक्षीपुढे कोणीही नम्र व्हावे. तरीही त्या साक्षीत, आणि ॲरिस्टॉटलच्या निरीक्षणात तर अधिकच, एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती म्हणजे भोवतालच्या सर्वांची भाषा तोंडाने बोलली जाते आणि तशीच राहणार.

जेथे हे गृहीत लागू नव्हते, असे एक ठिकाण अमेरिकेत होते. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काही घराण्यांत आनुवंशिक बहिरेपण चालत आले. एकोणिसाव्या शतकात बेटावर सुमारे १५५ माणसांमागे एक जण जन्मतः बहिरा असे, आणि चिलमार्क या गावी तर २५ माणसांमागे एक. परिणामी बेटावरील ऐकू येणारी माणसेही लहानपणापासून खुणांची भाषा शिकत, आणि शेतावर, होडीत, बाजारात ती दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने वापरीत. मानवशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांनी १९८५ साली या समाजावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी बेटावरील वृद्धांना जुन्या शेजाऱ्यांविषयी विचारले, तेव्हा अमका चांगला कोळी होता, तमका शेती करी, असे सगळे सांगून होई, आणि तो बहिरा होता हे सांगण्याचे पुष्कळांना सुचतही नसे. कानांची स्थिती तीच, पण शेजार बदलताच आपत्तीचे प्रमाण बदलले. याच्या नेमका उलट प्रयोग १८८० साली मिलान येथील परिषदेने केला. बहिऱ्यांच्या शाळांत खुणांपेक्षा ओठांनी बोलण्याचीच पद्धत श्रेष्ठ, असा ठराव तेथे जवळजवळ सर्वस्वी ऐकू येणाऱ्यांनीच मंजूर केला, आणि अनेक देशांतील पिढ्यान्‌पिढ्यांच्या बहिऱ्या मुलांच्या हातांतून त्यांची भाषा काढून घेतली गेली. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावांविषयी खेद व्यक्त झाला. म्हणजे चूक कबूल व्हायला एकशेतीस वर्षे लागली.

दृष्टीचीही गोष्ट अशीच आहे. दिदेरोने १७४९ साली अंधांविषयी लिहिलेल्या पत्ररूप प्रबंधात प्युइझो गावच्या एका जन्मांध गृहस्थाची हकीकत दिली आहे. डोळे मिळाले तर आवडतील काय, असे विचारता, कुतूहल बाजूला ठेवले तर मला लांब हात मिळालेले अधिक पसंत पडतील, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. आपल्याजवळ काही नाही, ही जाणीव पाहणाऱ्याने आंधळ्याच्या पदरी बांधलेली असते. त्याच्या स्वतःच्या हिशेबात ती याच स्वरूपात असेलच असे नाही. लुई ब्रेलने १८२९ साली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली आणि वाचन हे डोळ्याचेच वतन आहे हा समज बोटांनी मोडून काढला. आपल्या देशातील निरनिराळ्या भाषांसाठी एकसूत्री भारती ब्रेल १९५१ साली स्वीकारली गेली. कुरुंदवाडचा एक मुलगा लहानपणी दारूकामाच्या अपघाताने दृष्टीला अधू झाला, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकला आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करता झाला. तो मुलगा म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. विदर्भातील गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली, तरी त्यांनी इतरांकडून वाचून घेऊन आणि इतरांना सांगून लिहवून जी ग्रंथरचना केली, तिच्यामागे वाचणाऱ्यांचे आणि लिहिणाऱ्यांचे किती हात होते, याचा विचार त्यांच्या प्रज्ञेचे कौतुक करताना आपण क्वचित करतो.

या उदाहरणांवरून एक भेद स्पष्ट होतो. डोळा आणि कान हे मुख्यतः बातमीदार आहेत. ते दूरच्या वस्तूची वार्ता आणतात, आणि वार्तेला एक वाट बंद झाली तर ती दुसऱ्या वाटेने येऊ शकते. कुरुक्षेत्रावरील अठरा दिवसांचे युद्ध धृतराष्ट्राला संजयाच्या मुखाने कळले, आणि ते इतके तपशिलाने कळले की, डोळस श्रोत्यांनाही पुढे त्याच वर्णनावर समाधान मानावे लागले. परंतु युद्ध संपल्यावर भीमाला मिठी मारण्याची वेळ आली तेव्हा संजयाला मुखत्यार नेमता आले नाही. ते बाहू धृतराष्ट्राचेच पसरावे लागले, आणि भीमाच्या जागी पुढे केलेली लोखंडी मूर्ती ज्या बळाने त्यांनी चूर केली, त्या बळातच शंभर पुत्रांचा शोक आणि सूड प्रकट झाला. त्वचा, जीभ आणि नाक यांचा व्यवहार असा प्रत्यक्ष भेटीचा असतो. त्यांचे काम दुसऱ्याने करून त्याचा अहवाल आपल्याला द्यावा, ही सोयच तेथे नाही.

स्पर्श गेल्यावर काय होते, हे महारोग्यांच्या हातापायांनी जगाला शिकवले. बोटे झडतात ती रोगाने कुजून, असा समज शतकानुशतके चालत आला होता. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, रोग मज्जातंतू बधिर करतो आणि पुढचा नाश रोग्याच्या रोजच्या कामातून होतो. तापलेले भांडे उचलताना, गंजलेले कुलूप उघडताना, चपलेत खडा असता मैलभर चालताना जी वेदना हात मागे घ्यायला लावते ती येतच नाही, आणि जखम जखमेवर चढत जाते. रात्रीतून कुणाचे बोट नाहीसे झाल्याचे आढळे, तेव्हा पहारा ठेवून पाहिल्यावर उलगडा झाला की, झोपेत उंदीर बोटे कुरतडतात आणि रोग्याला जाग येत नाही. मग रोग्यांना मांजरे पाळायला दिली. पुढे ब्रँड यांनी दाब मोजणारी उपकरणे हातमोज्यांत बसवून कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा बराच खटाटोप केला, पण तो फसला. इशारा त्रासदायक वाटताच माणसे यंत्र बंद करीत आणि काम चालू ठेवीत. खरी वेदना सल्ला देत नाही, हुकूम देते, आणि तो हुकूम रद्द करण्याचा अधिकार आपल्याकडे नसतो, हेच तिचे सामर्थ्य आहे. इयन वॉटरमन नावाच्या इंग्रज तरुणाला १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर मानेखाली स्पर्श आणि अवयवांच्या स्थितीची जाणीव या दोहोंना मुकावे लागले. स्नायू शाबूत असूनही त्याला उठून बसणेही साधेना; प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून, मनाने आखून करायला तो पुन्हा शिकला, आणि दिवा गेला की तो कोसळे. डोळ्याने येथे स्पर्शाचे काम केले हे खरे. परंतु त्यासाठी त्या माणसाचे जागेपणीचे सारे लक्ष खर्ची पडले, आणि त्यातील रतिभरही भार दुसऱ्या कोणाला उचलता आला नाही.

आता नाकाकडे वळू. २०२० साली आलेल्या महासाथीने जगभरच्या असंख्य लोकांकडून, काहींकडून थोडे दिवस आणि काहींकडून फार काळ, घ्राणशक्ती काढून घेतली, आणि कांटच्या निवाड्याची न मागता परीक्षा झाली. तेव्हा पुष्कळांना प्रथमच उमगले की, आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग जिभेचा नसून, घास चावताना घशातून वर चढणाऱ्या वासाचा असतो. आमटीतले खारट, आंबट, तिखट कळत होते, पण आमटी कळत नव्हती. दूध करपले तर शेजारचा माणूस सांगेल, आणि स्वयंपाकाच्या वायूला मुद्दाम घातलेला उग्र दर्प घरातल्या कोणाच्या तरी नाकाला जाणवेल. एवढ्यापुरते नाकाचे काम दुसऱ्यावर सोपवता येते. पण फोडणीचा, पहिल्या पावसाचा, आपल्या माणसांच्या अंगाचा वास कोणी सांगून कळत नाही. ज्याला पर्याय नाही ते मौल्यवान असलेच पाहिजे असे नाही, हा आक्षेप येथे रास्त ठरेल. त्याला उत्तर मुकलेल्यांनीच दिले आहे. अन्नावरची वासना उडाली, घरातली माणसे काचेपलीकडची वाटू लागली, अशा तक्रारी त्यांनी केल्या, आणि त्या ऐकून घेणाऱ्यांनी बहुधा, एवढेच ना, असे म्हणून त्यांची बोळवण केली. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे नोंदलेली आहेत. घ्राणहानीचे नाव त्यांत नाही.

जी हानी समाजाला दिसते तिच्यासाठी तो लिपी, शाळा, कायदे घडवतो. जी दिसत नाही ती ज्याची त्याने सोसावी. आणि दिसणाऱ्या हानीच्या बाबतीतही समाजाने नेहमी भर घातली आहे असे नाही. पुष्कळदा त्याने स्वतःच्या हाताने तूट वाढवली आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, जन्मबधिर, मुके आणि इंद्रियहीन यांना वारसाहक्कातून वगळले आहे, त्यांना अन्नवस्त्र द्यावे एवढेच पुढे सांगितले आहे. हे निर्बंध बहुतांशी दूर करणारा कायदा १९२८ साली झाला. म्हणजे तोवर आंधळा जन्मलेला मुलगा प्रकाशाला निसर्गाच्या हातून मुकत असे आणि शेताला भाऊबंदांच्या हातून. याहून भयंकर उदाहरण अस्पृश्यतेचे आहे. ज्यांच्या त्वचेत कोणताही दोष नव्हता अशा लक्षावधी माणसांना इतरांच्या स्पर्शावाचून जगण्याची शिक्षा रूढीने पिढ्यान्‌पिढ्या दिली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते पाण्याच्या हक्कासाठी होते, तसेच ते या शिक्षेविरुद्धही होते. महारोग्याच्या वाट्याला तर दोन्ही आले. मज्जातंतू गेले म्हणून त्याला स्पर्श कळेना, आणि कळत असता तरी त्याला कोणी शिवत नव्हते. १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले तेव्हा पहिली तूट त्यांना पुसता येण्यासारखी नव्हती. दुसरी पुसता येते, हे त्यांनी करून दाखवले.

एका इंद्रियाचा त्याग खरोखर स्वखुशीने करणारी म्हणून आपल्या वाङ्मयातील जी व्यक्ती चटकन आठवते, ती गांधारी. पती आंधळा आहे हे कळताच तिने डोळ्यांवर पट्टी बांधली, आणि पतीहून अधिक काही भोगायचे नाही या तिच्या निश्चयाची थोरवी परंपरेने गायिली. त्या निश्चयात निष्ठा होती, कदाचित मूक संतापही होता. परंतु मी मांडत असलेल्या हिशेबाने पाहिले तर त्याचा परिणाम विपरीत झाला. ज्या घरात एक डोळस माणूस उरला असता, तेथे दोन आंधळी झाली. धृतराष्ट्राला राज्याच्या, आणि विशेषतः मुलांच्या चेहऱ्यांवरील बदलांच्या ज्या खुणा पत्नीने वाचून दाखवायच्या, त्या वाचणारे त्या घरात कोणी राहिले नाही. उणीव वाटून घेणे आणि उणीव भरून काढणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, आणि सहानुभूतीच्या भरात आपण पहिल्यालाच दुसरे समजून बसतो.

मग माझे उत्तर काय? सक्तीच झाली तर मी डोळे देईन. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी, आपल्या मराठी बोलांच्या गोडीने इंद्रियांतच आपसांत कलह माजेल आणि ऐकणाऱ्या कानाला चाखण्याची इच्छा होईल, अशी कल्पना केली आहे. ज्या भाषेत एका इंद्रियाचे सुख दुसऱ्याला देण्याची एवढी उदारता आहे, ती जोवर कानांवाटे येते तोवर पाहण्याचे बरेचसे काम ती चालवील, असा मला भरवसा वाटतो. स्पर्श, रस आणि गंध यांचे काम मात्र ती चालवू शकणार नाही. तथापि या उत्तराला एक अट जोडलेली आहे आणि ती मला लपवता येत नाही. वाचून दाखवणारे माणूस किंवा बोलणारे यंत्र, खड्ड्यांवाचूनचा रस्ता, आंधळ्याला नोकरी नाकारणार नाही असे दप्तर, एवढे ज्याच्या वाट्याला आहे त्यालाच डोळे देण्याची भाषा परवडते; आडगावच्या भूमिहीन मजुराने हेच उत्तर द्यावे, असे त्याला सांगण्याचा मला अधिकार नाही, कारण त्याच्या बाबतीत डोळे गेले म्हणजे रोजगार, बाजार आणि प्रतिष्ठा ही सर्वच त्यांच्याबरोबर जातात.

येथे प्रश्नाचा रोख फिरतो. कोणते इंद्रिय द्यावे, हे ठरवायला माझी आवडनिवड पुरेशी आहे असे प्रारंभी वाटत होते. ते ठरवणारे खरे लोक माझे शेजारी, माझी नगरपालिका आणि माझे कायदेमंडळ आहेत, असे शेवटी दिसून येते. त्वचा, जीभ आणि नाक यांची तूट कोणालाही भरून देता येत नाही. त्यांच्याविषयी समाजाचे कर्तव्य एवढेच की, ज्यांनी ती गमावली त्यांच्या नुकसानीला नुकसान म्हणावे आणि ज्यांची शाबूत आहेत त्यांना स्पर्शाला पारखे करू नये. डोळा आणि कान यांची तूट भरून देता येते, आणि म्हणूनच ती न भरण्याला निसर्गाची सबब पुढे करता येत नाही. ज्या गावच्या कचेरीत खुणांची भाषा जाणणारा एक तरी कारकून आहे आणि ज्या ग्रंथालयात बोटांनी वाचायची पुस्तके आहेत, तेथील नागरिकांनी हा प्रश्न खुशाल करमणुकीखातर एकमेकांना घालावा. जेथे ही तजवीज नाही तेथील डोळस आणि कान शाबूत असलेल्या नागरिकांनी आधी ती करावी, आणि मग आपण कोणते इंद्रिय दिले असते याची चर्चा करावी.